नोंद नसलेले तेल

ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी मिसळले आहे की नाही, हे ते पाहून, हुंगून किंवा बोटांवर चोळून कुठल्याही अनुभवी माणसाला सांगता येत नाही. दरवर्षी होणारी बीडीव्हीची चाचणीही ते सांगत नाही. ती तेलाची विद्युतरोधक ताकद मोजते, आणि पीसीबी मिसळलेले तेल त्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, 209 रेणूंचे एक कुटुंब. 1929 पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, ते एका मोठ्या गुणामुळे: ते सहजासहजी पेट घेत नाही आणि उष्णतेने बिघडत नाही. म्हणून जिथे आगीचा धोका परवडणारा नव्हता, अशा इमारतींच्या तळघरांत आणि गर्दीच्या जागी पीसीबीचे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर बसवले गेले. जो पदार्थ यंत्रात बिघडत नाही तो जमिनीत, पाण्यात आणि शरीरातल्या चरबीतही बिघडत नाही, हे जगाला फार उशिरा उमगले. 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीसीबीला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. अशा पदार्थाची ओळख त्याच्या कागदावरच टिकते. त्यामुळे नोंदवहीला मी कार्यालयीन उपचार मानत नाही. कन्झर्व्हेटर आणि ब्रीदर जसे ट्रान्सफॉर्मरचे भाग, तशी ती नोंदही त्याचाच भाग आहे. ती हरवली की यंत्र अर्धवट झाले, असे समजून वागावे.

हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटत असेल तर 1968 सालचे पश्चिम जपान पाहावे. तिथे एका कारखान्यात तांदळाच्या कोंड्याचे खाद्यतेल काढताना ते तापवण्यासाठी नळ्यांतून पीसीबी फिरवत असत. ते गळून तेलात उतरले. वर्षाच्या सुरुवातीलाच लाखो कोंबड्या मेल्या, आणि त्यांच्या खाद्यातले तेल त्याच कारखान्यातून आले होते हेही कळले. पण त्याच कारखान्याच्या खाद्यतेलाकडे चौकशी वळली नाही. माणसांच्या अंगावर फोड उठू लागले, नखे काळी पडली, काळवंडलेली बाळे जन्मली, आणि शरद ऋतूत सगळा देश हादरला. पुढे दोन हजारांहून अधिक रुग्णांना अधिकृत मान्यता मिळाली. मला यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. पीसीबी नळीच्या बारीक छिद्रांतून झिरपले की दुरुस्तीच्या कामात झालेल्या चुकीतून एकदम सांडले, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. बंद नळ्यांत फिरणारा द्रव कमी होत असेल, तर त्यात भर घालावी लागते. ती भर कधी आणि किती घातली, दुरुस्ती कोणत्या दिवशी झाली, हे लिहून त्यावर रोज कुणाची नजर असेल, तर ‘कमी झालेला द्रव गेला कुठे?’ हा प्रश्न त्याच आठवड्यात उभा राहतो. उत्तर नाही मिळाले तरी यंत्र थांबवता येते. अकरा वर्षांनी, 1979 मध्ये, तैवानमध्ये अगदी त्याच मार्गाने पुन्हा सुमारे दोन हजार माणसे आजारी पडली. एका देशाची ठेच दुसऱ्या देशाच्या उपयोगी पडली नाही.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, बिंगहॅम्टन शहरात, 5 फेब्रुवारी 1981 रोजी 18 मजली सरकारी इमारतीच्या तळघरातला ट्रान्सफॉर्मर तापून फुटला. आग मोठी नव्हती. पण अर्धवट जळणाऱ्या पीसीबीतून फ्युरान आणि डायॉक्सिन तयार होतात, आणि त्यांची काजळी हवेच्या झडपांतून वरच्या मजल्यांवर पोचली. इमारत तेरा वर्षांहून अधिक काळ बंद राहिली. 1998 च्या अखेरपर्यंत पीसीबी ट्रान्सफॉर्मरची सरकारकडे नोंदणी, त्यांची दर तिमाहीस पाहणी, वर्षाचा तपशील पुढच्या 1 जुलैपर्यंत एका वहीत एकत्र करणे आणि आगीची घटना ताबडतोब कळवणे, ही बंधने त्या देशाच्या नियमांत आली ती अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर. आगीत शिरणाऱ्या अग्निशमन जवानाला समोर काय जळते आहे हे कळण्याचा नोंदीशिवाय दुसरा मार्ग नसतो.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. स्टॉकहोम करार 2004 मध्ये अमलात आला, भारताने त्याला 2006 मध्ये मान्यता दिली, आणि 2016 च्या पीसीबी आदेशाने उत्पादन व आयात बंद केली. वापराची अखेरची तारीख 31 डिसेंबर 2025 ठरली. सुरक्षित विल्हेवाटीसाठी करारात 2028 हे वर्ष धरले आहे. त्याच 2016 सालच्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेल्या तेलाची नोंद नमुना 3 मध्ये ठेवायची, 30 जूनपर्यंत नमुना 4 मधले वार्षिक विवरणपत्र राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचे, वाहतुकीबरोबर नमुना 10 चे मॅनिफेस्ट पाठवायचे, आणि अपघात झाला तर नमुना 11 भरून लगेच कळवायचे. चौकट चांगली आहे. पण ती कचऱ्याची चौकट आहे. तेल ड्रममध्ये उतरले की तिचा हिशेब सुरू होतो. त्याआधीची तीस-चाळीस वर्षे ते तेल कुठल्या टाकीत होते, कोणत्या यंत्रातून फिरले, हे या फॉर्मांना ठाऊक नसते. ती पोकळी कारखान्याने स्वतः भरायची आहे, आणि माझा सगळा आग्रह तिच्यासाठी आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमचे तेल साधे मिनरल ऑइल आहे, नेमप्लेटवर तसेच लिहिले आहे, भारतात पीसीबी बनतही नव्हते. नेमप्लेट जरूर वाचावी. तिच्यावर ॲस्कारेल, अरोक्लोर, पायरॅनॉल, इनरटीन, क्लोफेन, कानेक्लोर किंवा सोव्हॉल यांपैकी एखादे नाव दिसले, तर ती पीसीबीचीच व्यापारी नावे आहेत. पण नेमप्लेट फक्त जन्माच्या वेळचे तेल सांगते. पुढे दर काही वर्षांनी फिल्टर मशीन येते, आणि ते मशीन काल दुसऱ्याच कारखान्यात चाललेले असते. त्याच्या होसमध्ये आणि टाकीत मागचे तेल उरते. हिशेब करून पाहा: शुद्ध पीसीबी एक लिटर म्हणजे जवळजवळ दीड किलो. दहा हजार लिटर मिनरल ऑइलचे वजन सुमारे 8,700 किलो. त्यात हे एक लिटर मिसळले, तर प्रमाण दीडशे पीपीएमच्या वर जाते. पीसीबीयुक्त मानण्याची रेषा 50 पीपीएमवर आहे, आणि पुनर्प्रक्रियेला द्यायच्या वापरलेल्या तेलासाठी मर्यादा अवघी 2 पीपीएम. बदललेले तेलही निर्धास्त करत नाही. वाइंडिंगभोवतीचा कागद आणि लाकूड जुने पीसीबी शोषून बसलेले असतात आणि नव्या तेलात ते हळूहळू सोडत राहतात. म्हणूनच तेल बदलल्यावर लगेच काढलेला नमुना फसवा असतो. अमेरिकी नियमांत वापराचे किमान 90 दिवस गेल्यावर पुन्हा तपासणी करण्याची तरतूद आहे, तिला हेच कारण आहे.

तेव्हा वहीत काय असावे? ती खरेदी विभागाच्या कपाटात नको, यंत्राच्या नावाने, यंत्राच्या अनुक्रमांकाने असावी, आणि तिची एक प्रत सुरक्षा विभागाकडे असावी. नेमप्लेटचा फोटो, बनावटीचे साल, तेलाचे वजन. प्रत्येक टॉप-अपची तारीख, लिटर आणि ते तेल कुठल्या ड्रममधून आले ते. फिल्टर मशीन कुणाचे होते आणि आधी कुठे चालले होते. कंत्राटदाराने हे लिहून दिल्याशिवाय मशीनची होस जोडू देऊ नये. गळती दिसली तर दिनांक, जागा आणि पुसलेल्या चिंध्या कुठे ठेवल्या तेही. तपासणीचा मूळ अहवाल, नमुना कुणी आणि कोणत्या व्हॉल्व्हमधून घेतला यासह. क्लोरीन मोजणारे स्वस्त किट पहिल्या चाळणीसाठी पुरते; त्यात क्लोरीन आढळले तरच नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. सगळेच नमुने तिथे पाठवण्याचा खर्च त्यामुळे टळतो, आणि ‘परवडत नाही’ या तक्रारीत फारसा दम उरत नाही. कपॅसिटर आणि जुन्या ट्यूबलाइटचे चोक मात्र विसरले जातात. ते बंद डबे असतात, त्यांना व्हॉल्व्ह नसतो, म्हणून ते कुणाच्या यादीत येत नाहीत. जपानमध्ये 2000 साली हाचिओजी इथल्या एका प्राथमिक शाळेत दिव्याचा असा चोक फुटून पीसीबी मुलांच्या अंगावर पडले. पुढच्याच वर्षी तिथे खास कायदा झाला आणि पीसीबी बाळगणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी माहिती देणे बंधनकारक झाले.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, म्हणून त्याला टाळता येत नाही. लोक म्हणतात, लिहिले की अडकलो. ज्याने तपासलेच नाही तो निवांत, आणि ज्याने तपासून कळवले त्याच्यामागे नोटिसा. ही भीती खोटी नाही. स्वतःहून माहिती देणाऱ्याला विल्हेवाटीसाठी वेळ आणि रास्त दर मिळाला पाहिजे, आणि नियामकाने तसे जाहीरपणे सांगितले पाहिजे. नाहीतर तो स्वतःच लपवाछपवीला उत्तेजन देतो. पण न लिहिल्याने जबाबदारी नाहीशी होते, हा समज मात्र चुकीचा आहे. घातक कचरा नियमांत पर्यावरणाला किंवा तिसऱ्या पक्षाला झालेल्या हानीची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरही आहे. पीसीबी मिसळलेले तेल पुनर्प्रक्रियेच्या टाकीत पोचले, की ते शेकडो ड्रम बिघडवते आणि माग काढणारे उलट दिशेने चालू लागतात. त्या दिवशी ज्याच्याकडे वही आहे त्याला ‘आमच्याकडून निघाले तेव्हा प्रमाण इतके होते’ एवढे तरी म्हणता येते. ज्याच्याकडे वही नाही, त्याला काहीच म्हणता येत नाही. आणि अधिकारी, मालक, दंड हे सगळे बाजूला ठेवले तरी टाकीचे झाकण उघडणारा मदतनीस उरतोच. हातमोजे कोणते घालायचे, कपडे घरी न्यायचे की नाही, हे त्याला त्या वहीतूनच कळणार आहे. त्याला ते न सांगणे हा मी अन्याय मानतो.

सर्वांत जास्त काळजी भंगाराच्या दिवसाची. जुना ट्रान्सफॉर्मर लिलावात जातो, तांबे आणि पत्रा वेगळा होतो, तेल कुणी चुलीत जाळतो तर कुणी पुन्हा वापरायला विकतो. उघड्यावर जळणारे पीसीबी काय सोडते, ते बिंगहॅम्टनने दाखवले आहे. ते पुरते नष्ट व्हायला अकराशे अंशांच्या वरची बंदिस्त भट्टी लागते, चूल पुरत नाही. बंद पडलेल्या गिरण्या, जुने साखर कारखाने, हस्तांतरित झालेली इस्पितळे, ज्यांचे मालक बदलले अशा सगळ्या ठिकाणी यंत्र राहते आणि कागद जातो. म्हणून विक्री, भाडे किंवा हस्तांतरण करताना वही यंत्राबरोबर द्या आणि तिची पोच घ्या. आणि तुमच्या पुढच्या लिलावाच्या यादीत एखाद्या ट्रान्सफॉर्मरला तेलाच्या तपासणीचा अहवाल जोडलेला नसेल, तर तो लॉट त्या दिवशी मागे घ्या.