केस कापा, पण कातडी उघडी पाडू नका

मे महिन्यात दवाखान्यात एक ल्हासा ॲप्सो आला, ओळखूच येईना. कानांवर आणि शेपटीवर तेवढे केस. बाकी अंगावर झिरो मशीन फिरवलेली, पाठ उन्हानं लालबुंद. "डॉक्टर, पारा पंचेचाळीसवर गेला, म्हणून मोकळा केला बिचाऱ्याला," ताई म्हणाल्या.

ही जात तिबेटची. तिबेट आपल्याला तसा परका नाही. १९७२ मध्ये वसलेली नॉरग्येलिंगची तिबेटी वसाहत गोंदिया वेगळा होईपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, भंडारा जिल्ह्यातच होती. इंग्रज या कुत्र्याला ल्हासा टेरियर म्हणत. अमेरिकन केनेल क्लबनंही १९३५ साली त्याला टेरियर गटात बसवलं, पुढे त्यातून काढलं. ते बरोबरच झालं. टेरियर बिळात शिरून शिकार काढणारा. हा मठात, घरात बसून परक्याची चाहूल घेणारा राखणदार. पाहुण्यावर गुरगुरतो तो स्वभाव आहे, आजार नव्हे.

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वर लांब, जाड, खाली मऊ लव. उन्हाळ्यात इंचभर ठेवून कापा, त्याहून खाली नको. खरा त्रास जटांचा. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा छान दिसतो, पण कानामागं, काखेत, मांड्यांच्या आत बोटं घातली की नमदा लागतो. केसांचा भांग पाडत कातडीपासून टोकापर्यंत कंगवा न्या, एक दिवसाआड. जट आधी बोटांनी सोडवा, आंघोळ नंतर; पाणी लागलं की ती आणखी आवळते. कात्री लावू नका. जटेसोबत कातडी कापलेले कुत्रे मी बरेच टाके घालून परत पाठवलेत.

रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून फिरून आला की बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा. पावसाळा सरला की कुसळं बघा; ती कानात आणि पंजात रुततात. गोचीड तर बारमाही. गोठ्यातलं गुरांचं औषध अंदाजानं चोळू नका, कुत्रा अंग चाटतो. खाणं सुटलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासा.

फिरवायचं ते पहाटे. धापा थांबेनात, लाळ चिकट झाली, चाल लडखडली, तर ऊन लागलंय. साधं पाणी ओता, पण केस फाकवून. वरून ओतलेलं पाणी नुसतं ओघळतं, कातडी कोरडीच राहते. पोटावर, जांघेत आधी. ओलं पोतं पांघरून ठेवू नका, ते लगेच गरम होतं. पंखा लावा आणि मग गाडीच्या काचा उघड्या ठेवून आणा.