रक्तातील चांगले आणि वाईट कोलेस्टेरॉल



मुलांच्या शिक्षणासाठी आपल्यापैकी कित्येकांनी जुळे सोलापुरात घर केले. शेतावरचे चालणे सुटले, जेवण मात्र पूर्वीचेच राहिले. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. ते शरीराला लागते व यकृत ते स्वतःच तयार करते. एलडीएल ही ते अंगभर पोचविणारी गाडी. या गाड्या फार झाल्या, की पाटात गाळ साचावा तसे ते रक्तवाहिनीत साचते. एचडीएल जादा माल यकृताकडे परत नेते. म्हणून पहिले वाईट, दुसरे चांगले. साधारणपणे एलडीएल १०० च्या आत, एचडीएल पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या वर असावे. मधुमेह्यांनी व हृदयरोग्यांनी एलडीएल याहूनही खाली ठेवावे.

“आम्ही काटक माणसं, आम्हांला काय होतंय?” असे म्हणून भागत नाही. गाळ साचताना दुखत नाही. रक्त तपासल्यावरच कळते.

शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसते. शेंगाचटणी भाकरीशी जरूर खा, वरचे तेल आवरा. वनस्पती तूप व त्याच त्या तेलातली भजी टाळा. साखर आपल्याच कारखान्याची असली तरी बेताने घ्या. जादा साखरेने ट्रायग्लिसराइड ही दुसरी चरबी वाढते. रोज अर्धा तास झपाझप चाला. विडी-सिगारेट सोडा.

डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी, आकडा उतरला म्हणून मनाने बंद करू नका. तो बहुधा गोळीनेच उतरलेला असतो. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला तर ‘गॅस असेल’ म्हणत बसू नका. तडक १०८ ला फोन करा.