पिंजऱ्यातले उंदीर आणि इथले ऋतू



कोकणात आणि मुंबईत आपण उंदरासाठी पिंजरा लावीत असू तो त्याला पकडण्यासाठी. इस्रायलमध्ये आपली नातवंडे उंदीर दुकानातून विकत आणतात आणि पिंजऱ्यात लाडाने पोसतात. आजीने कितीही नाक मुरडले तरी मुले शाळेत गेली की त्यांचे दाणापाणी तिच्याच गळ्यात पडते. म्हणून आम्ही हा धडा लिहीत आहोत.

उंदीर एकटा ठेवू नये, तो झुरतो. दोन नर किंवा दोन माद्या आणाव्यात. नर-मादी एकत्र ठेवल्यास तीन आठवड्यांत घरात दहा-बारा पिले झालीच म्हणून समजा.

मोठ्या उंदराला दिवसाला १५ ते २० ग्रॅम कोरडे खाद्य पुरते. जोडीला काकडी, गाजर, शिजवलेली डाळ, कधी अंड्याचा तुकडा द्यावा. सुके कच्चे घेवडे देऊ नयेत. मुले हातातला बाम्बा सारखा भरवतात, त्याने प्राणी फार सुटतो. उंदराला ओकारी येत नाही, पोटात गेलेले नासके अन्न बाहेर पडत नाही. म्हणून उन्हाळ्यात ओले अन्न दोन-तीन तासांत काढून टाकावे.

पेसाहला मात्र खरी अडचण होते. दुकानातल्या खाद्यात बहुधा गहू, जव असतात. हामेत्स आपण खायचे नाही एवढेच नव्हे, ते जनावराला घालणे व घरात ठेवणेही मना आहे. सणाआधी आठ-दहा दिवस खाद्य हळूहळू बदलावे: भात, मका, उकडलेला बटाटा, भाज्या. आपल्या घरांत पेसाहमध्ये भात चालतो. ज्यांच्याकडे चालत नाही त्यांनीही तो जनावराला घालण्यास हरकत नाही. आणि उंदीर दाणे घरट्यात लपवून साठवतो, हे विसरू नये. हामेत्स शोधण्याच्या रात्रीपूर्वी पिंजऱ्यातले सगळे अंथरूण बाहेर काढून झाडावे. पेसाहिमच्या मिश्नात 'खुल्दा' हामेत्स ओढून नेईल काय अशी चर्चा आहेच! त्या काळी तो शब्द मुंगसासारख्या प्राण्याचा होता, आजच्या हिब्रूत तो उंदराचा झाला आहे.

पेसाहच्या सुमारासच हमसीन सुरू होतो. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही; अंगातली उष्णता तो मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो. २० ते २५ अंश त्याला मानवतात, ३० च्या पुढे जिवाला धोका. आमच्या घरी एकदा पिंजरा मिर्पेसेतवर राहिला. सकाळी तिथे सावली होती, दुपारी ऊन सरकून वर आले. बाजारातून परतलो तेव्हा एक उंदीर गेला होता, दुसरा पोट टेकून धापा टाकीत होता. त्याची शेपूट व पाय गार पाण्याने (बर्फाच्या नव्हे) ओले केले, थेंब थेंब पाणी पाजले, तेव्हा तो वाचला. नातू त्या दिवशी जेवला नाही.

तेव्हापासून आम्ही सकाळीच त्रिसीम खाली ओढतो, पिंजरा आतल्या खोलीत गार फरशीवर ठेवतो आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत देतो. पाण्याच्या बाटल्या दोन असाव्यात, एखादी तुंबते. घाम नसल्याने नुसत्या पंख्याचा उपयोग थोडाच. शब्बाथला घर गरम होणार असेल तर मझगानचे घड्याळ शुक्रवारीच लावून ठेवावे. दाणापाणी शब्बाथलाही घालावेच, ते आपल्यावर अवलंबून आहेत.

थंडीची चिंता त्या मानाने कमी. कागदाच्या पट्ट्या आणि जुन्या फ्लॅनेलचा तुकडा दिला की ते स्वतःच घरटे करतात. देवदाराचा भुसा घालू नये. ऊब राहावी म्हणून पिंजरा प्लॅस्टिकने झाकू नये. मुताच्या उग्र वाफेने त्यांची छाती बिघडते. डोळ्यानाकाभोवती लाल डाग दिसले तर घाबरू नये, ते रक्त नसते. पण त्याबरोबर शिंका आणि घरघर असेल तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे.