एअरगनची नळी साफ करण्याची नायलॉन दोरी

एअरगनची नळी साफ करायची म्हटलं की बहुतेक जण गज शोधतात. तो टाळावा. छर्रा बाहेर पडताना ज्या काठाला शेवटचा घासून जातो, तो पुढच्या तोंडाचा काठ म्हणजे क्राउन. पुढून गज घातला की तो नेमका तिथेच घासतो. काठ एका अंगाने झिजला, की छर्ऱ्यामागची हवा त्या बाजूने आधी निसटते आणि छर्रा भरकटतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मि.मी.चा असतो, म्हणजे एवढीशी झीजही महागात पडते. मागून आत जाणारी आणि पुढून ओढून काढता येणारी लवचिक दोरी हाच यावरचा चांगला उपाय, आणि ती घरी उत्तम होते.

ही कृती .१७७ बोअरसाठी, म्हणजे ४.५ मि.मी. नळीसाठी आहे. गवत कापायच्या मशिनला लावतात ती गोल, गुळगुळीत, २ मि.मी. जाडीची नायलॉन दोरी शेतीअवजारांच्या दुकानात मिळते. चौकोनी किंवा पीळदार घेऊ नका. नळीच्या लांबीच्या दुपटीहून वीतभर जास्त तुकडा कापा. तो वेटोळ्यातून येतो, म्हणून कढत पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, बाहेर काढून खाली वजन बांधा आणि गार होईपर्यंत टांगून ठेवा. दोरी सरळ होते.

आता दोरीच्या एका टोकाला कापड अडवणारं बोंड. सगळं काम यावर आहे, घाई करू नका. लोखंडी पट्टीला २ मि.मी.हून किंचित मोठं, २.२ किंवा २.५ मि.मी.चं भोक पाडा आणि कडा कानशीने मोडा. दोरी भोकातून वर काढून साधारण ५ मि.मी. टोक मोकळं सोडा. खालून दोरी पक्कडीने धरा. लायटरची ज्योत टोकाच्या बाजूला धरा, टोकाला थेट लावू नका. नायलॉन आधी काचेसारखं पारदर्शक होतं, मग गोळा होऊन खाली बसू लागतं. त्या क्षणी ज्योत काढा आणि सपाट लोखंडाने हलकेच दाबा. पेट घेतला किंवा रंग तपकिरी झाला, तर तेवढं टोक कापून पुन्हा करा. जळलेलं नायलॉन ठिसूळ होतं. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, तेव्हा हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

गार झाल्यावर बोंड बारीक कानशीने आणि मग पॉलिश पेपरने गोल करा. व्हर्नियरवर ३ ते ३.३ मि.मी. भरलं पाहिजे. कुठेही धार राहू देऊ नका. मग दोरी त्याच पट्टीच्या भोकातून ओढून बोंड पट्टीला टेकवा आणि चांगला जोर लावा. तुटायचं असेल तर इथेच तुटू दे, नळीत अडकलेलं बोंड काढणं फार त्रासाचं आहे. दुसरं टोक ब्लेडने तिरकं कापून पेन्सिलीसारखं टोकदार करा.

कापडाला जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती बनियन सर्वांत चांगलं. दीड-दोन सें.मी.चे चौकोन कापा. चौकोनाच्या मधोमध दोरीचं टोक टोचून कापड बोंडापर्यंत सरकवा. ओढताना ते मागे दुमडून बोंडावर टोपीसारखं बसतं. लहान चौकोनापासून सुरुवात करा. ओढ एकसारखी लागली पाहिजे, हिसका द्यावा लागला तर चौकोन मोठा आहे.

वापरण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. मोडायच्या (ब्रेक-बॅरल) बंदुकीत स्प्रिंग कॉक होईपर्यंत नळी खाली आणू नका. स्प्रिंगचा विरोध जाणवण्याआधी, मागचं तोंड उघडताच थांबा आणि दुसऱ्या माणसाला नळी घट्ट धरायला सांगा. टोक मागून सरकवा, पुढून बाहेर आलं की दोरी लाकडी दांड्याला चार वेढे देऊन सरळ रेषेत, एका दमात ओढा. क्राउनवर दोरी तिरकी घासू देऊ नका. पहिलं कापड काळंकुट्ट निघेल. तो शिशाचा आणि वंगणाचा थर. कापड बदलत राहा. चौथं-पाचवं फिकट राखाडी निघालं की बस. पांढरंशुभ्र निघण्याचा हट्ट धरू नका. तारेचा ब्रश नको, इथे बंदुकीच्या दारूची जळकी काजळी नसतेच.

स्प्रिंगच्या बंदुकीत पेट्रोलियमचं तेल किंवा स्प्रे नळीत मारू नये. दाबलेली हवा तापते आणि तेलाची वाफ पेटते. पावसाळ्यात गंज टाळायला कापडावर गन-ऑइलचा एकच थेंब पुरतो, आणि नेमबाजीआधी कोरडी कापडं फिरवून तोही काढून टाकायचा. सफाईनंतरचे पहिले काही छर्रे इकडेतिकडे जातात. शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत साइटला हात लावू नका. नेम नीट बसत असेल, तर दर सरावानंतर सफाईची गरजही नाही.

काळी कापडं पिशवीत बांधून टाका, जाळू नका. हे काम जेवणाच्या टेबलावर करू नका, लहान मुलांना लांब ठेवा आणि शेवटी हात साबणाने धुवा.