शिक्का आहे, पण ओलीची नोंद कुठे आहे?

ब्रिटनमध्ये नवी कॅरॅव्हॅन घेतली की डीलर किल्ल्यांबरोबर एक जाडजूड पुस्तिका देतो. फ्रीज कसा लावायचा, पाण्याची टाकी कशी भरायची हे आपण त्यात लगेच शोधतो. वॉरंटीच्या अटींची पानं कोणी उघडत नाही. ती आधी वाचा, असं मी इथल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांना अगदी आग्रहाने सांगते. आम्हाला त्या अटींचा अर्थ कळला तो तिसऱ्या वर्षी, पुढच्या खिडकीखालची भिंत बोटाने दाबल्यावर मऊ लागली तेव्हा.

आमच्या वॉरंटीचे दोन भाग होते. हीटर, पंप, दिवे यांची वॉरंटी थोड्या काळाची. सांगाड्यात पाणी झिरपू नये याची मात्र कितीतरी लांब. बऱ्याच कंपन्यांत हा दुसरा भाग सहा ते दहा वर्षांचा असतो आणि खरा पैसा तिथेच अडकलेला असतो. कॅरॅव्हॅनची भिंत म्हणजे बाहेर पातळ पत्रा किंवा फायबर, आत प्लायवूड आणि मधे फोम. जुन्या बांधणीत त्या फोममध्ये लाकडी पट्ट्याही असतात. कोपऱ्यावरच्या पट्टीखालचं किंवा छताच्या खिडकीभोवतीचं सीलंट कुठे सुटलं की पावसाचं पाणी आत शिरतं आणि महिनोन्‌महिने कुणाला दिसत नाही. भिंत मऊ लागेपर्यंत आतलं बरंच कुजलेलं असतं. दुरुस्तीत अख्खी भिंत उघडावी लागते आणि तिचं बिल हजारो पौंडांत जातं.

आम्ही दर वर्षी सर्व्हिस करून घेतली होती. दुसऱ्या वर्षी घरी येऊन काम करणारा मेकॅनिक बोलावला होता. तो ॲप्रूव्हड वर्कशॉप स्कीममधला होता. नॅशनल कॅरॅव्हॅन कौन्सिल आणि इथले दोन मोठे कॅरॅव्हॅन क्लब यांच्या पाठिंब्याने 1999 पासून चालणारी ही योजना आहे, आणि पुष्कळ कंपन्या तिच्यातल्या वर्कशॉपची वार्षिक सर्व्हिस मान्य करतात. मेकॅनिकने मन लावून काम केलं, पुस्तिकेत शिक्का मारला, ‘वार्षिक सर्व्हिस पूर्ण’ असं बिल दिलं. तिसऱ्या वर्षी दावा दाखल केल्यावर कंपनीचं उत्तर आलं: दुसऱ्या वर्षीचा ओलीच्या चाचणीचा अहवाल जोडलेला नाही, म्हणून दावा अमान्य.

चाचणी झाली होती. मीटर घेऊन तो भिंतीभिंतीला टेकवत होता, हे मी स्वतः पाहिलं होतं. पण आकडे लिहिलेला कागद त्याने आम्हाला दिला नव्हता, आणि तो मागून घ्यायचा असतो हे डीलरनेही कधी सांगितलं नव्हतं. दरम्यान मेकॅनिकने धंदा बंद केला होता. त्याला शोधून त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवरून तो आकड्यांचा कागद मिळवण्यात अख्खा हिवाळा गेला. तोवर ओल पसरत राहिली. अहवाल पोहोचल्यावर कंपनीने भिंतीचा खर्च उचलला. उशिरामुळे खराब झालेल्या जमिनीचा मात्र आम्हालाच भरावा लागला.

म्हणून सर्व्हिस झाली की त्याच दिवशी, मेकॅनिक निघायच्या आत, तीन गोष्टी हातात घ्या: तारखेचा शिक्का, तपासणीची पूर्ण यादी, आणि कॅरॅव्हॅनचा आराखडा, ज्यावर प्रत्येक जागेचा ओलीचा टक्का लिहिलेला असेल. साधारणपणे 15 टक्क्यांपर्यंत काळजी नसते, 15 ते 20 मध्ये काही महिन्यांनी पुन्हा मोजतात, 20 च्या वर गेलं की पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं. मागच्या वर्षीचा आराखडा शेजारी ठेवून बघा. एकाच कोपऱ्यात 11 वरून 17 झालं असेल, तर तेवढ्यावर लगेच डीलरला ईमेल करा. दोष दिसल्यापासून ठरावीक दिवसांत कळवण्याची अटही पुस्तिकेत असू शकते.

आपल्या घरांसाठी एक खास गोष्ट. कुकरच्या तीन शिट्ट्या आणि बंद खिडक्या यांनी कॅरॅव्हॅनच्या आत वाफ धरते, काचांवरून पाणी ओघळतं. या दमटपणाला वॉरंटी लागू नसते, आणि दावा आला की कंपनी प्रथम हेच कारण पुढे करू शकते. स्वयंपाक करताना छताची खिडकी उघडा, गॅससाठी ठेवलेली हवेची भोकं कधीही बुजवू नका. वाफेचा ओलावा सहसा गार पृष्ठभागांवर सगळीकडे पसरतो, झिरपलेलं पाणी सांध्याजवळ एकवटतं. हा फरक आराखड्यावर दिसतो.

तारखेचंही भान ठेवा. सर्व्हिस ताबा मिळाल्याच्या तारखेच्या आसपासच्या ठरावीक आठवड्यांत व्हावी लागते, आणि ही मुदत कंपनीगणिक वेगळी आहे. बरेच लोक कॅरॅव्हॅन वसंतात घेतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये वर्कशॉप भरलेली असतात. जानेवारीतच तारीख घ्या. वर्कशॉपने तारीख पुढे ढकलली, तर ते लेखी मागा आणि कंपनीला कळवा.

मोटारीचा अनुभव इथे चालत नाही. मोटार बाहेरच्या गॅरेजमध्ये नीट सर्व्हिस केली म्हणून वॉरंटी जात नाही, याला इथल्या स्पर्धाविषयक नियमांचा आधार आहे. पण ते नियम स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या वाहनांसाठी आहेत; मागे ओढायची कॅरॅव्हॅन त्यात येत नाही. म्हणून कोणाची सर्व्हिस चालेल हे कंपनीलाच ईमेलने विचारा. छतावर सोलर पॅनल किंवा खाली मूव्हर (कॅरॅव्हॅन जागेवर सरकवणारी मोटर) बसवायचा असेल, तर भोक पाडण्याआधी परवानगी लेखी घ्या.

ब्रेक उघडले असतील तर बिल बारकाईने वाचा. इथल्या पुष्कळ कॅरॅव्हॅनच्या खाली आल्को कंपनीची चेसी असते. तिच्या ब्रेकचा ड्रम काढला की हबचा नट नवाच लावावा लागतो, जुना पुन्हा वापरायचा नसतो. बिलात नवे नट नसतील तर तिथेच विचारा. चाक निघण्याचा हा प्रश्न आहे, त्यात संकोच नको.

कंपनीने हात वर केले तरी दार बंद होत नाही. वॉरंटी कंपनीची असते. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याखालची जबाबदारी विकणाऱ्या डीलरची. सदोष वस्तू पहिल्या 30 दिवसांत परत करता येते. पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष मुळातलाच होता असं धरलं जातं. नंतर ते आपल्याला सिद्ध करावं लागतं, आणि तिथे तेच आराखडे कामी येतात. दाव्याची मुदत इंग्लंड-वेल्समध्ये सहा वर्षं, स्कॉटलंडमध्ये पाच. विकत घेताना थोडी रक्कम क्रेडिट कार्डाने भरा. किंमत 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत असेल, तर 1974 च्या कायद्याच्या कलम 75 खाली कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार ठरते.

जुनी कॅरॅव्हॅन घेणार असाल तर ‘अजून वॉरंटी आहे’ या विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे देऊ नका. उरलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करायला बहुधा अर्ज लागतो, त्याला मुदत असते, कधी शुल्कही. चेसीचा 17 अक्षरी नंबर खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो. तो उतरवून घ्या, सर्व्हिसच्या सगळ्या कागदांचे फोटो जोडून कंपनीला पाठवा, आणि लेखी उत्तर आल्यावरच बयाणा द्या.