जखम लहान, धोका मोठा

मुलांनो, रेवस हे अलिबाग तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. येथे मासेमारी चालते. जाळे ओढताना किंवा मासे साफ करताना कधी शिंगाळ्याचा काटा हातात घुसतो. अशी जखम लगेच साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

जखमेतून जंतू शरीरात पसरले, तर त्यांच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागते. याला सेप्सिस म्हणतात. न्यूमोनियातूनही सेप्सिस होतो. पुढे रक्तदाब फार उतरतो. मेंदू व मूत्रपिंडे यांना पुरेसे रक्त मिळत नाही. हाच सेप्टिक शॉक. २०१७ साली जगात सेप्सिसमुळे सुमारे १ कोटी १० लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे.

त्याची लक्षणे ओळखा. रोगी बरळतो किंवा गुंगीत राहतो. त्याला धाप लागते. नाडी जलद चालते. लघवी फार कमी होते. हातपाय गार पडतात. ताप असेलच असे नाही. कधी अंग उलट थंड पडते.

अशा वेळी ‘सकाळी पाहू’ असे म्हणू नका. ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करा. रेवसहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचायलाही वेळ लागतो. म्हणून घरी एक क्षणही दवडू नका. जखम केव्हा झाली, लघवी केव्हा झाली, हे डॉक्टरांना सांगा. ‘हा सेप्सिस तर नाही ना?’ असे विचारा. तेथे शिरेतून प्रतिजैविके व सलाईन देतात. वेळेवर उपचार झाले, तर जीव वाचू शकतो.

शब्दार्थ : दगावणे – मरण पावणे, बरळणे – असंबद्ध बोलणे, प्रतिजैविके – जंतूंना मारणारी औषधे.

प्रश्न : सेप्टिक शॉकची चार लक्षणे लिहा.