नवा जन्म झाल्यावर

बापू, बाप्तिस्मा झाला, आनंद वाटला. आता माझं ऐक. पहिलं वर्ष तोंड कमी वापर. घरच्यांना तारण समजावून सांगायची तुला फार घाई झाली आहे, ती आवर. आई दिवा लावते तेव्हा नाक मुरडू नको. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या शिवमंदिरात यात्रा भरते, घरात पाहुणे येतात. तेव्हा पाणी भर, लाकडं फोड, म्हाताऱ्यांना गाडीवर बसवून पोचव. पूजेत बसणार नसशील तर तेवढं नम्रपणे सांग, तेही एकदाच.

नारायण वामन टिळकांची गोष्ट ठेव ध्यानात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी मिशनऱ्याने त्यांना नवा करार दिला. ती वाट आपल्या गोंदियावरूनच जाते. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळ कोसळलं, काही वर्षं दोघं दूर राहिली. पुढे त्या परत आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. टिळक किती तापट होते ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाच, पण बायकोच्या सोवळ्यावर त्यांनी जबरदस्ती केली नाही. जातपात लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने टाकली, मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांची भजनं आपण मंडळीत गातो, पण मला विचारशील तर त्यांचं ते थांबणं भजनांहून मोठं.

महिन्या-दोन महिन्यांत आजचा हा उमाळा ओसरेल. प्रार्थनेला बसशील आणि मन कोरडं राहील. घाबरू नको. भाताचे परहे बांधीत रोवले की काही दिवस पिवळे पडतातच. मूळ धरलं का म्हणून कोणी उपटून पाहत नाही, पाणी तेवढं राखतो. तूही ठरल्या वेळी बस, दोन शब्द बोल, ऊठ. नव्या जन्माचं येशूने ज्याला सांगितलं तो निकदेम पहिल्यांदा रात्री आला होता. ही गोष्ट योहानाच्या पुस्तकात आहे, आणि तिथेच पुढे तो प्रभूच्या दफनासाठी गंधरस घेऊन येतो. मधला काळ त्यालाही लागलाच.

वाचायला मत्तयाचे ५ ते ७ अध्याय घे, तेच ते डोंगरावरील प्रवचन. रोज थोडंच वाच, पण वाचलंस ते त्याच दिवशी कर. वेदीपुढे दान ठेवताना भावाचं मन दुखावल्याचं आठवलं तर दान तिथेच सोडून आधी समेट कर, असं तिथे सांगितलं आहे. तुझा आणि काकाचा शेताच्या धुऱ्याचा वाद चालू आहे. चूक कोणाची ते राहू दे, पण तू चारचौघांत त्याला बोललास, त्याची माफी तुलाच मागायची आहे. ‘मी ख्रिस्ती झालो म्हणून तुम्हाला माफ केलं’ असलं काही बोलू नको, त्याने जखम वाढते. त्याच्याकडून घेतलेले उसने पैसेही परत करायला घेऊन जा.

शनिवारी त्याच्या बांधीत रोवणा आहे आणि माणसं कमी पडतात. पहाटेच जा, आणि काम संपेपर्यंत येशूचं नाव काढू नको. त्याने विचारलं तर मात्र सगळं सांग.